कुणाचं गाठोडं?

त्याला सगळे भोंगा म्हणायचे आणि ओघानंच त्याच्या बायकोला भोंगीण. तिचा आवाज खरं तर इवलासा, पण नाव पडलं ते पडलं. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या दूधवाल्यानं "काय भोंगीणबाई, अर्धा लिटर की एक?" असं विचारलं, तेव्हा तिनं भांडं तिथंच आपटलं होतं. पुढं मुलगी झाली, मुलीचंही लग्न झालं, तोवर दारावर कुणी थाप मारली की भोंगीण स्वतःच आतून ओरडायची, "कोण? भोंग्याकडे आलात का?"

हे नाव त्याला मशिदीतून मिळालं. ऐन विशीत असताना एकदा मशिदीचा भोंगा बिघडला. मौलवीसाहेबांनी ह्याला उभं केलं. ह्यानं नुसत्या घशानं अजान दिली ती पार गिरणीच्या फाटकापर्यंत ऐकू गेली. भोंगा दुरुस्त झाला तरी लोक मौलवींच्या मागं लागले, ते यंत्र राहू द्या, आमचा भोंगाच बरा. त्याचा बाप मात्र खूश नव्हता. "अल्लानं ह्याला घसा दिला तो नमाजाला बोलवण्यासाठी, टवाळक्या करण्यासाठी नाही," असं तो रोज एकदा म्हणायचा. म्हणायचा, आणि मुलगा गायला लागला की हातातलं काम थांबवून ऐकायचा.

काम पिंजाऱ्याचं. सगळ्या गल्लीचंच ते काम, म्हणून तर तिला पिंजारगल्ली म्हणायचे. पुढच्या खोलीत कापसाचा ढीग, छताला टांगलेलं पिंजण, त्याची ताणलेली तात. तातीवर लाकडी ठोका बसला की जो हूं निघायचा, तोच ह्याचा सूर. बाजाची पेटी घरात कधी आलीच नाही. तो पिंजता पिंजता गाणं रचायचा, भोंगीण समोर बसून दाभणानं गादीला टाके घालायची आणि झील धरायची. लिहून ठेवायची भानगड नव्हती. गाणं तिच्या तोंडात बसलं तर राहिलं, नाही बसलं तर गेलं.

त्याची खुबी वेगळीच होती. तो गाण्यात एक खोबण ठेवायचा. म्हणजे असं, की चालीत एका ठिकाणी नावाची जागा मोकळी, आणि ती अशी बेतलेली की दोन अक्षरी नाव घाला नाहीतर सहा अक्षरी, चपखल बसणार. लग्नात नवरीचं नाव, दुकान उघडलं तर दुकानाचं, पोर झालं तर पोराचं. लोक हरखून जायचे. आयुष्यात कधी कुणी ज्यांचं नाव नीट घेतलं नाही असे हमाल, झाडूवाल्या, त्यांची नावं हा माणूस भर मांडवात ढोलकीच्या ठेक्यावर घ्यायचा आणि ते बिचारे डोळे पुसायचे. भोंगीण विचारायची, "अहो, ऐन वेळी एवढी नावं लक्षात कशी राहतात?" तो हसायचा. "लक्षात कशाला ठेवायची? जिभेवर असतं ते टाकायचं. विचार करत बसलं की ठेका चुकतो."

ठेका धरायला ढोलकीवाला होता. बाजारापलीकडे राहायचा, ह्यांच्यातला नव्हता, पण लहानपणापासूनची जोडी. भोंगा नाव घेण्याआधी स्वर लांबवायचा आणि तेवढा वेळ ढोलकीवाला बोटांनी घुमवत राहायचा, नाव पडलं की थाप. किती लांबवणार हे दोघांत कधी ठरलेलं नसायचं, तरी थाप कधी चुकली नाही. भोंगिणीच्या मुलीला तो मामा. तिच्या लग्नात मामाचा हक्क म्हणून रडून घेतलं होतं त्यानं, इतकं की शेवटी मुलगीच त्याची समजूत काढत बसली.

एवढं सगळं असून माणसाचं नाव कुठं झालं म्हणाल तर कुठंच नाही. गाणी गावभर, माणूस गल्लीत. एका कॅसेटवाल्यानं त्याची आठ गाणी भरून घेतली आणि वेष्टनावर छापलं, 'पारंपरिक'. रेडिओवरची बाईसुद्धा गोड आवाजात म्हणाली, आता ऐकूया एक पारंपरिक गीत. भोंगीण जाम भडकली. "पारंपरिक म्हणजे? तुम्ही काय मेलात? शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घाला, सगळे गाणारे घालतात!" त्यावर तो म्हणाला, "अगं, ती जागा गिऱ्हाइकाची. तिथं मी कसा बसू?" आणि वर दात काढून हसला. अशा माणसावर रागावून करायचं काय?

मग निवडणूक आली आणि कंत्राटदार घरी आला. हा कंत्राटदार उभा होता आणि समोरचा उमेदवार त्याला जड जात होता. त्याला टिंगलीचं गाणं हवं होतं. कापसाच्या ढिगावर टेकून तो म्हणाला, "असं काहीतरी करा की लोकांनी हसत हसत त्याला हाकललं पाहिजे." भोंग्यानं दोन दिवस तात वाजवली, पण जमेना. शेवटी एक ओळ आली, उचल गाठोडं, धर वाट. पुढं काय ते सुचेना. भोंगीण टाके घालता घालता सहज बोलली, "अहो, पण कुणाचं?" तो ताडकन उठला. "हेच! हेच पाहिजे होतं!"

गाणं झालं ते असं. गाणारा म्हणणार, "उचल गाठोडं, धर वाट." झीलकऱ्यांनी विचारायचं, "कुणाचं? कुणाचं?" गाणारा स्वर लांबवून नाव घेणार, आणि मग सगळ्यांनी मिळून, "उचल! उचल! उचल!" बस्स, एवढंच. गाणारा नाव देत नाही तोवर झीलकरी विचारतच राहणार. पहिल्या सभेतच लोक वेडे झाले. समोरचा उमेदवार असा पडला की वर्षभर बाजारात फिरकला नाही. तेव्हापासून ते गाणं कुणाच्या बापाचं राहिलं नाही. मैदानावर हरणाऱ्या संघाचं गाठोडं, शाळेत नावडत्या मास्तरांचं गाठोडं, लग्नात नवरी निघाली की मैत्रिणी तिच्याच नावानं चिडवणार. भोंगा ऐकायचा आणि फुशारायचा. "बघ, माझ्यावाचून चालतंय." कुणाचं, ही ओळ आपली आहे हे भोंगीणसुद्धा चारचौघींत ऐटीत सांगायची.

मुलीचं मात्र नशीब खोटं. दोनदा दिवस गेले आणि दोनदा पोर हाती लागलं नाही. दुसऱ्या वेळी तर मुलगीच जाता जाता राहिली. जावई लांबच्या गाड्या चालवणारा, महिना महिना बाहेर. तिसऱ्या वेळी भोंगिणीनं तिला सातव्या महिन्यातच उचलून घरी आणलं. जिना चढू दिला नाही, बादली उचलू दिली नाही, शिंकली तरी ही धावायची. पाचही नमाजांत तिची एकच दुआ. आपल्यासाठी काही मागायचंच तिनं सोडून दिलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच ते झालं. बाजारात संध्याकाळी कंत्राटदाराच्या पुतण्याला कुणीतरी भोसकलं. कुणी, कशासाठी, काही पत्ता नाही. सकाळपर्यंत पुतण्या गेला. मारणारा पिंजारगल्लीकडे पळाला असं कुणी म्हणालं, कुणी म्हणालं नाही, माळाच्या अंगाला गेला. दुकानं बंद, रस्ते बंद, दवाखान्याच्या वाटेवर ट्रक आडवे लावलेले. आणि त्याच पहाटे मुलीच्या पोटात कळा सुरू झाल्या.

दवाखान्यात नेणं शक्यच नव्हतं. भोंग्यानं सायकल काढली आणि माळावरच्या आडवाटेनं दाई आणायला गेला. माळापलीकडे वीटभट्टीच्या मजुरांची वस्ती होती, भट्टीवस्ती. कुठून कुठून आलेली माणसं, त्यांना ना कुणी आपलं म्हणायचं ना परकं. तिथं एक म्हातारी दाई होती, हातगुणाची. वाटेत जो भेटेल त्याला "भट्टीवस्तीला वाट कुठून? भट्टीवस्तीला?" असं विचारत तो गेला आणि सायकलच्या मागं तिला बसवून घेऊन आला.

दाई बुटकी, हात कोरडे, बोलणं तोडून. आली, बांगड्या उतरवल्या, पोटावरून हात फिरवला आणि भोंगिणीला बाजूला घेऊन म्हणाली, "पोर पायाळू आहे. वेळ लागेल. बाई, माझं एक ऐकून ठेवा. आमचा म्हातारा अंथरुणावर आहे, कमरेखाली हलत नाही. शेजारणीच्या भरवशावर टाकून आलेय. मोकळी झाली की मला लगेच पोचवायचं."

"पोचवतील, मावशी. सायकल दारातच आहे," भोंगीण म्हणाली.

दुपार झाली. आतल्या खोलीत मुलगी गादीवर आडवी, दाई पायाशी, भोंगीण उशाशी. खिडकीतून माळ दिसायचा आणि माळाच्या टोकाला भट्टीची चिमणी. भोंगा पुढच्या खोलीत येरझाऱ्या घालत होता. मुलगी दर कळेला आईचा हात असा आवळायची की बोटं पांढरी पडायची. "अम्मी, ह्या वेळी तरी," ती म्हणायची आणि पुढचं गिळायची.

तेव्हा लांबून ढोलकी ऐकू आली.

भोंगिणीच्या अंगावर काटा आला. एकट्या ढोलकीला कोण घाबरतं हो? पण तिनं हात ओळखला. आधी बोटांचं घुमवणं, मग थाप. अख्खा जन्म जी थाप तिनं आपल्याच घरात ऐकली ती. "अम्मी, मामा आला?" मुलगी घामाघूम चेहऱ्यानं म्हणाली. ढोलकीमागून आवाज आला, शेकडो लोकांचा.

"उचल गाठोडं, धर वाट!"

"कुणाचं? कुणाचं?"

माइकवर घोगऱ्या आवाजाचा एक तरुण होता. त्यानं ठेक्यात नाव घेतलं. "पिंजारगल्लीचं!" सहा अक्षरं, खोबणीत अचूक बसली. "उचल! उचल! उचल!"

गल्लीला तोंड एकच, मागं गिरणीची भिंत. पळायचं तर भिंतीवरून, आणि भिंत चढणार कोण? शेजारी पाजारी दारं आपटली, कुणाच्या तरी गॅसची टाकी घरंगळली, पोरं भोकाड पसरून रडायला लागली. पुरुष छपरांवर विटा चढवत होते. भोंगा आतल्या दारात येऊन उभा राहिला. मुलीकडे बघितलं. "हिला उचलून नेता येईल?" त्यानं दाईला विचारलं.

"एक पाय बाहेर आलाय," दाई मान वर न करता म्हणाली. "आता उचललं तर दोघंही जातील."

तो वळला आणि शिडीवरून गच्चीवर गेला. भोंगिणीनं त्याला अडवलं नाही. तिला वाटलं, बोलेल त्यांच्याशी. ओळखीचा माणूस आहे, प्रत्येकाच्या घरच्या लग्नात गायलाय, ऐकतील. तो वरून ओरडला तेही तिनं ऐकलं. "अरे दादांनो! अरे माझी पोरगी बाळंत होतेय रे! इथं कुणी आलेला नाही, घरं उघडी टाकतो, शोधून बघा!" त्या गलक्यात कोण ऐकतो? एक बाटली शेजारच्या कौलांवर येऊन फुटली. घोषणा गल्लीच्या तोंडाशी आल्या.

"उचल गाठोडं, धर वाट!"

"कुणाचं? कुणाचं?"

आणि तेवढ्यात वरून सूर लागला. माइक नाही, काही नाही. भोंग्याचा सूर. घोगऱ्या तरुणाचा आवाज त्याच्याखाली पार गाडला गेला. भोंगिणीला कळलं की तो स्वर लांबवतोय, जागा करतोय. खाली ढोलकी आपसूक त्याच्यामागं गेली, बोटं घुमायला लागली. गर्दीची तोंडं उघडी, वाट बघत. एवढ्या माणसांना गाण्याची सवय होती, दुसरं काय? नाव पडेस्तोवर थांबायची सवय.

या अल्ला, काहीही घे, भोंगीण मनात म्हणाली. त्यांच्या तोंडून कुणाचंही नाव निघू दे, पण आमचं नको.

"भट्टीवस्तीचं!"

थाप पडली. "उचल! उचल! उचल!"

आतल्या खोलीत दाईचे हात थांबले. हात आत, मान ताठ, डोळे भोंगिणीकडे. आपल्याला नीट ऐकू आलं नसेल असं तिला अजून वाटत होतं.

"कुणाचं? कुणाचं?"

"भट्टीवस्तीचं!" तो पुन्हा गायला. पहिल्यांदा जिभेवर आलं असेल, सकाळपासून तेच नाव विचारत फिरला होता. पण दुसऱ्यांदा? आणि तिसऱ्यांदा तर त्यानं ते असं सजवून, घोळवून घेतलं की खालून शिट्ट्या आल्या. गर्दीत कुणीतरी ओरडलं, "माळाकडे पळाला म्हणत होते तो! भट्टीवर असणार!" ढोलकी वळली. ढोलकी वळली तशी गर्दी वळली, आणि ते सगळे गात गात माळावरून निघाले.

दाईनं हात बाहेर काढले. उठली.

भोंगीण तिच्याआधी दाराशी पोचली. कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"बाजूला व्हा, बाई. माझा माणूस आहे तिथं."

"मावशी, पोरगी मरेल माझी."

"तो उठून पळू शकत नाही हो!" दाईचा आवाज चिरकला. "मी गेले तर ओढत तरी नेईन कुठंतरी. सोडा!"

"नाही सोडणार," भोंगीण म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं, इतक्या थंडपणे ती बोलली. "मला मारा, शिव्या द्या, पण नाही सोडणार."

दाई पुढं आली, तिनं भोंगिणीचा दंड धरून ओढला. भोंगीण दुप्पट अंगाची, हलली नाही. दोन बाया दाराशी झटत होत्या आणि मागं गादीवर मुलगी किंचाळली. ती किंकाळी वेगळी होती. दाईनं ती ओळखली. असल्या किंकाळीनंतर किती वेळ असतो हे तिला ठाऊक होतं. तिनं दंड सोडला, एकदा खिडकीतून माळाकडे बघितलं, आणि परत पायाशी जाऊन बसली.

त्यानंतर तिनं एक चुकीचा हात टाकला नाही. हे भोंगीण मरेपर्यंत सांगेल. एक पाय, मग दुसरा, मग कंबर, मग ते हात अडकले ते बोट घालून सोडवले, मुलीला "आता थांब", "आता जोर" एवढंच बोलत. खिडकीत भट्टीच्या चिमणीपलीकडे धूर चढायला लागला. चिमणीतला नव्हता. दाईची पाठ खिडकीकडे होती आणि तिनं मान वळवली नाही. डोकं अडलं तेव्हा तिनं डोळे मिटले आणि हातानं चाचपत ते सोडवलं. पोर निळं होतं. पालथं धरून पाठ चोळली, तोंड पुसलं, फुंकर घातली. रडलं.

"मुलगी," दाई म्हणाली. नाळ बांधली, कापली. वार पडेपर्यंत बसून राहिली. मग बादलीत हात धुतले, कोपरापर्यंत, सावकाश, आणि बांगड्या हातात घेऊन दाराशी आली. भोंगिणीनं कडी काढली. तिच्या पाया पडावं असं तिला वाटलं, पण वाकायची लाज वाटली.

बाहेर गल्ली वेडी झाली होती. भोंग्याला लोकांनी उचलून घेतलं होतं, कुणी त्याच्या हाताचे मुके घेत होतं, म्हाताऱ्या त्याच्यावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडत होत्या. "भोंग्यानं गल्ली वाचवली! अल्लानं हा घसा आजच्यासाठीच दिला होता!" तेवढ्यात दाई दारातून बाहेर आली. तिला बघितल्यावर त्याचा चेहरा असा पडला की खरोखरच, त्या क्षणापर्यंत ती त्याच्या ध्यानातच नव्हती हे भोंगिणीला कळलं. सकाळी स्वतः सायकलवरून आणलेली बाई! तो सायकलकडे धावला. "बसा मावशी, पोचवतो, बसा." दाई त्याच्या बाजूनं निघून गेली. माळावर ती पळताना दिसत होती, मधेच पडली, उठली, परत पळायला लागली. तो सायकल धरून गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. मागं जायचं धाडस त्याला झालं नाही.

नात त्याच्या हातात दिली. कानात अजान द्यायचा मान आजोबाचा. त्यानं तोंड कानाशी नेलं, ओठ हलले, पण आवाज फुटेना. सगळे थांबले. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्यानं हलकेच पोर काढून घेतलं आणि त्यानं अजान दिली. "थकलाय बिचारा, घसा बसलाय," लोक म्हणाले. घसा बसला नव्हता. भोंगिणीशी तो नीट बोलत होता.

भट्टीवस्तीतले जे पळू शकले ते पळाले. नाही पळू शकले ते राहिले. दाईचा म्हातारा राहिला. मारणारा कोण ते पुढं कळलं, पुतण्याच्याच धंद्यातला भागीदार निघाला, ना पिंजारी ना भट्टीवाला. ढोलकीवाला परत कधी गल्लीत आला नाही. त्याला जबरदस्तीनं आणलं होतं की आपण होऊन आला होता, कुणी विचारलं नाही. मुलगी मात्र एकदा म्हणाली, "मामानं थाप द्यायला नको होती." पण थाप दिली नसती तर आपली पोर वाचली असती का, हे तिलाही माहीत होतं, म्हणून ती तेवढ्यावरच थांबली.

गल्ली ताटं पाठवत होती. रोज कुणी ना कुणी येऊन त्याच्यासमोर बसायचं आणि तेच सांगायचं, तुम्ही होतात म्हणून. भट्टीवस्ती हा शब्द कुणी तोंडातून काढायचं नाही. तो कापूस पिंजत बसायचा, कुणी काही बोललं की मान हलवायचा. एकदा दोघंच असताना म्हणाला, "माझं नाव बसलं असतं गं तिथं. नुसतं माझं एकट्याचं. आले असते, मला घेऊन गेले असते, संपलं असतं." भोंगिणीनं सुई टोचून ठेवली. "सुचलं होतं का?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "सुचलं असतं तर घेतलं असतं की नाही, तेवढं तरी कळलं असतं. सुचलंच नाही." तिला त्याची दया आली आणि त्याच दमात त्याचा संतापही आला. नात कुशीत घेतली की दोन्ही विरायचं, आणि मग तिला स्वतःचीच शरम वाटायची.

बाळंतपणानंतर चार-पाच दिवसांनी दाई आली. आपल्या पायांनी, माळावरून. बाळंतिणीला नंतर बघायला येणं तिच्या कामातलं होतं, म्हणून आली. अंगावर दुसऱ्या कुणाचं तरी लुगडं, एका हाताला फडकं गुंडाळलेलं. पुढच्या खोलीत भोंगा बसला होता, त्याच्या बाजूनं ती आत गेली. मुलीला तपासलं, पोट दाबून बघितलं, पोरीची बेंबी बघितली, दूध येतंय का विचारलं. सगळं व्यवस्थित. भोंगिणीनं दार लोटलं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"मावशी, काहीतरी बोला. मी कडी घातली होती. मला बोला."

दाई पोरीला दुपट्यात गुंडाळत होती. गुंडाळून झालं, आईच्या कुशीत दिलं.

"आमच्या म्हाताऱ्याला कानानं कमी यायचं," ती म्हणाली. "पण तुमच्या माणसाचा आवाज पोचला त्याच्यापर्यंत. शेजारीण त्याला सांगायला गेली की माणसं येतायत. तर तो हसत होता म्हणे. तिला म्हणाला, भोंगा आलाय का गं आपल्याकडे गायला? ऐक, आपल्या वस्तीचं नाव घेतोय. आपलं नाव आजवर कुणी गाण्यात घेतलं होतं का?"

दाईनं पुढचंही सांगितलं, तेवढ्याच सपाट आवाजात, आणि उठली. "हे त्यांना सांगा," ती म्हणाली. "मी नाही सांगणार."

ती गेली. सांगू नये असं भोंगिणीला फार वाटलं. पण मग ते तिला एकटीलाच वागवायला लागलं असतं, आणि तेवढी ताकद तिच्यात उरली नव्हती. ती पुढच्या खोलीत आली. तो पिंजणापाशी बसला होता, ठोका हातात, तात मुकी.

"काय म्हणाली?" त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं. म्हातारा हसत होता, काय म्हणाला, सगळं. तो ऐकत राहिला. ठोका त्यानं खाली ठेवला.

"मग?" तो म्हणाला. "शेजारीण काय म्हणाली त्याला?"

"हो म्हणाली," भोंगीण म्हणाली. "तिला तरी वेळ कुठं होता? हो म्हणाली, त्याला नीट ऐकू यावं म्हणून उशीला टेकवून बसवलं, आणि पोरं घेऊन पळाली."